करारात नाव नाही आणि फ्लॅट सोडायचाय: नोटीस किती, भाडं कुठवर, डिपॉझिट कुणाकडे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. पुण्यात वडगाव शेरीतल्या एका टू बीएचकेमध्ये तुम्ही चौघं राहता. भाडं 30,000, तुमचा वाटा 7,500, तो तुम्ही रूममेटकडे देता. भाडेकरार दोघांच्याच नावावर आहे. तुम्ही नंतर आलात, तुमचं नाव कागदावर कुठेच नाही. येताना 25,000 रुपये डिपॉझिट दिलंत, पण मालकाला दिलं नाही, तुमच्या आधी त्या जागेवर राहणाऱ्या मुलाला दिलं. आता बेंगळुरूला नोकरी लागली आहे. 6 ऑक्टोबरला तुम्ही ग्रुपवर सांगितलंत की 18 तारखेला निघतोय. ऑक्टोबरचं भाडं भरून झालं आहे. रूममेट म्हणतात, बदली माणूस आण, नाहीतर मार्चमध्ये करार संपेपर्यंतचं भाडं दे, आणि डिपॉझिट विसर. तुमचं विचारणं असं की कायद्याने मी नक्की किती देणं लागतो.

मी पुण्यात भाडेकरार आणि घरमालक-भाडेकरू वादांची कामं करते. असा प्रश्न घेऊन येणारा प्रत्येक जण आधी 'नोटीस किती दिवसांची' हेच विचारतो. मी आधी दुसरं विचारते: तुम्ही शब्द कुणाला दिला होता, आणि कशाचा? तुमच्या घरात एक करार नाही, तीन वेगवेगळे व्यवहार आहेत. मालक आणि ते दोघे यांच्यात लेखी करार आहे. तुम्ही आणि ते दोघे यांच्यात तोंडी ठरलेलं आहे. आणि तुम्ही आधीच्या मुलाला पैसे पाठवलेत, तो तिसरा व्यवहार. पहिल्यातली अट दुसऱ्यात आपोआप लागू होत नाही. तुमचे रूममेट या तिन्हींची सरमिसळ करताहेत, आणि ते मुद्दाम करत असतील असं मला वाटत नाही.

सगळ्यात आधी मार्चपर्यंतच्या भाड्याचं बघू, कारण तुम्ही घाबरलात ते त्या आकड्याला. मालकाशी मार्चपर्यंतचा शब्द करारावर सही करणाऱ्या दोघांनी दिला आहे. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळाआधी घर सोडायचं नाही अशी अट, असेल तर तोही त्यांच्यावर. तुम्ही 'मार्चपर्यंत नक्की राहतो' असं त्यांना कधी लिहून किंवा स्पष्ट बोलून कबूल केलं असेल, तर गोष्ट वेगळी. तसं नसेल, तर मुदतीचं ओझं तुमच्यावर येत नाही. आणि समजा कबूल केलं असेल, तरी पाच महिन्यांचं भाडं सरसकट मागता येत नाही. करार मोडल्यावर नुकसानभरपाई खऱ्या नुकसानीची मिळते. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 मध्ये स्पष्टच म्हटलं आहे की नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते मार्ग हाताशी होते तेही बघायचं. आयटी कंपन्यांच्या खराडीला लागून असलेल्या भागात एका माणसाची जागा पाच महिने कुणी घेणारच नाही, हे कुठल्याही न्यायाधीशाला पटवणं अवघड आहे.

आता नोटीस. इंटरनेटवर तुम्हाला 'पंधरा दिवस' असं उत्तर सापडेल. ते मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 106 मधून आलेलं आहे: दुसरं काही ठरलं नसेल तर महिनेवारी भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपतो. ही नोटीस महिन्याच्या शेवटीच संपली पाहिजे अशी जुनी अट होती. 2002 च्या दुरुस्तीनंतर ती गेली, आता नोटीस मिळाल्यापासून दिवस मोजतात. पण हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे. पुण्यात फ्लॅट दिले जातात ते बहुतेक लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्टा न करता ठरावीक मुदतीसाठी राहण्याच्या नुसत्या परवानगीवर, आणि तुमचं तर रूममेटशी नुसतं तोंडी ठरलेलं. त्यामुळे पंधरा दिवस हा तुमचा हक्क म्हणून छातीठोक सांगू नका. ज्या ठिकाणी काहीच ठरलेलं नसतं तिथे 'वाजवी मुदत' बघितली जाते, आणि वाजवी म्हणजे काय हे त्या घराच्या वहिवाटीवरून ठरतं.

म्हणून एक गोष्ट आजच आठवून बघा. तुमच्या आधीचा मुलगा गेला तेव्हा त्याने किती दिवस आधी सांगितलं होतं? त्याच्याकडून किती भाडं घेतलं? ग्रुपवर जुने मेसेज असतील तर वर जाऊन वाचा. तो 20 तारखेला सांगून 30 ला गेला असेल आणि कुणी हरकत घेतली नसेल, तर तुमच्यासाठी वेगळा नियम काढता येणार नाही. उलट तो पूर्ण महिनाभर थांबला असेल किंवा महिन्याचं भाडं भरून गेला असेल, तर त्या घरात महिन्याची रीत होती असं ते म्हणू शकतात, आणि त्या म्हणण्यात दम असेल.

काहीच सापडलं नाही तर मी तीस दिवस धरायला सांगते. भाडं महिन्याने ठरतं, पुण्यातल्या बहुतेक छापील भाडेकरारांतही एका महिन्याची नोटीस असते, आणि रूममेटच्या बाजूनेही विचार करायला हवा. करार कायद्याच्या कलम 43 प्रमाणे दोघांनी मिळून दिलेला शब्द मालक कुणा एकाकडूनही पूर्ण करून घेऊ शकतो. 5 तारखेला त्यांना 30,000 पाठवायचेच आहेत, तुमचे 7,500 आले नाहीत तरी. तुम्ही बारा दिवस आधी सांगितलंत तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आला असणार. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, त्यांचा हिशोब मात्र चुकीचा आहे.

आकडा काढू. 6 ऑक्टोबरला सांगितलं, तीस दिवस 5 नोव्हेंबरला पूर्ण होतात. ऑक्टोबर भरलेला आहे. नोव्हेंबरचे पाच दिवस उरले. 7,500 भागिले 30 म्हणजे दिवसाला 250, पाच दिवसांचे 1,250 रुपये. पंधरा दिवस धरले तर 21 ऑक्टोबर येतो, म्हणजे वर काहीच देणं नाही. आणि 'एक तारीख ते एक तारीख' अशी त्या घरात पक्की रीत असेल तर जास्तीत जास्त नोव्हेंबरचं पूर्ण भाडं, 7,500. तर तुमचं भाड्याचं देणं शून्य ते साडेसात हजार यांच्यात कुठेतरी आहे, आणि माझ्या मते 1,250 वर तडजोड व्हायला हवी. नवा माणूस त्याआधी आला तर तेही नाही. एकाच जागेचं दोघांकडून भाडं घेता येत नाही.

म्हणजे खरा वाद भाड्याचा नाहीच. तो 25,000 चा आहे, आणि तिथे तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी भक्कम नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण गावी आई-वडिलांनी पाठवलेल्या पैशातून डिपॉझिट भरणारी मुलं मी बघते आणि ती रक्कम त्यांच्यासाठी किती मोठी असते ते मला माहीत आहे.

जाणाऱ्याने येणाऱ्याकडून डिपॉझिट घ्यायचं, ही पद्धत पुण्यात सर्रास चालते. मालकाकडे चौघांच्या वाट्याचे मिळून मूळ एक लाख तसेच पडून राहतात, माणसं मात्र बदलत जातात. मालकाला दरवेळी हिशोब करावा लागत नाही, करारावरच्या दोघांना खिशातून पैसे काढावे लागत नाहीत, जाणाऱ्याला निघण्याआधी रक्कम मिळते. सगळ्यांची सोय. साखळी तुटेपर्यंत. पुढचा माणूस आला नाही की शेवटच्याचे पैसे अडकतात, आणि तेव्हा प्रत्येक जण म्हणतो, 'मी कुठे घेतले?'

कायद्याच्या नजरेने बघा. आधीच्या मुलाला तुम्ही पैसे दिलेत, त्याबदल्यात मालकाकडे पडलेल्या लाखातला त्याचा वाटा तुमचा झाला. पण हे तेव्हाच खरं ठरतं जेव्हा करारावरच्या दोघांनी ते मान्य केलेलं असतं. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं होतं का की '25 त्याच्या नंबरवर टाक, तुझं डिपॉझिट झालं'? तो एक मेसेज तुमच्याकडे असेल तर ते दोघे तुम्हाला बांधील आहेत. मालकाने लाख परत केले की त्यातले 25,000 तुमचे, हे त्यांना नाकारता येणार नाही. तो मेसेज नसेल तर वाद चिघळण्याआधी साध्या भाषेत विचारून घ्या: 'माझे 25 हजार डिपॉझिट म्हणून धरलेले आहेत ना?' माणसं भांडणाच्या आधी सहज 'हो' लिहितात, नंतर लिहीत नाहीत. आणि तुम्ही त्या मुलाला पाठवलेल्या रकमेची बँकेतली नोंद काढून ठेवा, नुसता ॲपमधला स्क्रीन पुरेसा नाही.

'डिपॉझिट विसर' याला आधार नाही. जप्तीची अट ठरलेलीच नव्हती, आणि ठरलेली असती तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी नुकसानीपुरतीच रक्कम कापता आली असती. पण 'लगेच देता येत नाही' या त्यांच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. तुमचे पैसे त्यांच्या हातात कधी आलेच नव्हते. परत कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर ते म्हणतील की नवा माणूस आल्यावर, किंवा मार्चमध्ये मालकाने दिल्यावर. मी तुम्हाला हेच मान्य करायला सांगेन, पण तारखेसकट आणि लेखी: नवा माणूस येईल त्या दिवशी, आणि आलाच नाही तर करार संपून मालकाने रक्कम परत केल्यापासून सात दिवसांत, जे आधी होईल ते. त्यातून 1,250 आणि बिलं वळती करा. 5 नोव्हेंबरनंतर जागा रिकामी राहिली तर ते भाडं यातून कापलं जाणार नाही, हेही त्यातच लिहा. नाहीतर मार्चमध्ये 'तुझी जागा चार महिने रिकामी होती' असा नवा हिशोब निघेल.

बदली माणूस आणणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य नाही, पण तुमच्या हिताचं काम आहे, कारण तुमचे 25,000 त्याच्यासोबत येणार आहेत. जून ते ऑगस्टमध्ये कॉलेजचे प्रवेश सुरू असताना माणूस पटकन मिळतो. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, वेळ लागतो, लोक 'दिवाळीनंतर बघू' म्हणतात. म्हणून आजपासून लागा. ऑफिसच्या ग्रुपवर टाका, फ्लॅट-फ्लॅटमेटच्या ग्रुपांवर टाका, खोलीचे फोटो आणि खरं भाडं लिहून. जो येईल त्याची आणि रूममेटची गाठ घालून द्या आणि त्याची नोंद ग्रुपवर ठेवा: 'आज अमुक वाजता एक जण बघून गेला.' तीन-चार भले लोक दाखवूनही त्यांनी कारण न देता नाकारले, तर रिकाम्या जागेचं खापर तुमच्यावर फोडता येणार नाही.

आता मालक. त्याला तुमच्याबद्दल माहीत आहे की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी केली नसेल तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने ते खोडून काढेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचं भाडं थेट मालकाच्या खात्यात जात असेल किंवा पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदणीत त्याने तुमचंही नाव दिलं असेल, तर तुम्ही त्यानेच ठेवलेले राहणारे होता असं म्हणायला जागा आहे आणि मग हे कलम तुमच्या कामाचं आहे. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून भाडं रूममेटकडे जात होतं. कलम 55 हे मालक आणि राहणारा यांच्यासाठी आहे, रूममेट-रूममेटच्या भांडणात ते ढाल म्हणून पुढे करू नका.

मालकाला माहीतच नसेल, तर करारात तिसऱ्याला ठेवायला मनाई असण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे तुम्हाला ठेवून त्या दोघांनी अट मोडली. काही जण सल्ला देतील की 'मालकाला सांगेन' म्हणून धमकाव, पैसे सुटतील. मी हे करू नका म्हणेन. त्या दोघांचं घर जाईल, चौथ्याचंही जाईल, मालक दंड म्हणून डिपॉझिटच अडवेल, आणि तुमचे 25,000 ज्या लाखात आहेत तो लाखच वादात सापडेल. अट मोडणाऱ्यांत तुमचाही वाटा होता. शिवाय एका घरात एकत्र जेवलेल्या माणसांशी असं वागणं मला पटत नाही.

मॉडेल टेनन्सी ॲक्टचा हवाला कुणी दिला तर तो बाजूला ठेवा. 2021 मध्ये केंद्राने तो राज्यांना नमुना म्हणून दिला, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे 1999 चा कायदाच चालतो.

बिलांचं एक सूत्र मी सांगते आणि ते सहसा सगळ्यांना पटतं: जे वापरावर येतं ते निघण्याच्या दिवसापर्यंत, जे ठरावीक असतं ते नोटिशीच्या शेवटपर्यंत. लाइट आणि गॅस 18 तारखेपर्यंत. वायफाय, मावशींचा पगार, मेंटेनन्सचा वाटा 5 नोव्हेंबरपर्यंत. महावितरणचं बिल नंतर येतं आणि तेव्हा तुम्ही बेंगळुरूत असाल, म्हणून निघायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो ग्रुपवर टाका. सामान टेम्पोने नेणार असाल तर गेटवर अडचण येऊ शकते. बऱ्याच सोसायट्यांत सामान बाहेर नेताना मालकाचा किंवा नोंद असलेल्या रहिवाशाचा होकार लागतो, आणि तुमची नोंदच नसेल. करारावरच्या दोघांपैकी एकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. पैशांसाठी लॅपटॉप किंवा कागदपत्रं अडवून ठेवायचा हक्क कुणाला नाही. तसं झालं तर हुज्जत न घालता जवळच्या पोलीस चौकीत जा.

ज्यांचं नाव करारात आहे त्यांनी वरचं उत्तर स्वतःला लावू नये. त्यांच्या बाबतीत कागदावरची नोटीस आणि लॉक-इन लागू आहे, आणि नुसतं घर सोडल्याने नाव सुटत नाही. मालकाकडून 'अमुक तारखेपासून यांच्याकडे काही येणं नाही' असं लिहून घेईपर्यंत उरलेल्यांनी थकवलेलं भाडं त्यांच्याकडून मागितलं जाऊ शकतं. आणि सदाशिव पेठेत वगैरे जे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन, राहतात, त्यांचा व्यवहार थेट मालकाशी किंवा काकूंशी असतो, तिथे डिपॉझिट ज्याने घेतलं त्याच्याकडेच मागायचं, रूममेटचा संबंध येत नाही.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर? रक्कम वसुलीचा दावा तीन वर्षांत करता येतो, पण 25,000 साठी दावा लढणं परवडत नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो, कोर्ट फी लागत नाही. समोरच्याला बोलावणं जातं आणि समजुतीने मिटलं तर त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी ताकद असते. समोरच्याने यायला हवं ही त्यातली अडचण आहे, पण कोर्टाच्या आवारातून पत्र आलं की बहुतेक जण निदान फोन तरी उचलतात.

आज रात्री ग्रुपवर पाठवायचा मजकूर देते, तुमच्या भाषेत बदलून घ्या:

'मी 6 ऑक्टोबरला सांगितल्याप्रमाणे 18 तारखेला निघतोय. बारा दिवसांत सांगितल्याने तुमची ओढाताण झाली हे मला कळतं, म्हणून 5 नोव्हेंबरपर्यंतची जबाबदारी माझी. त्यात नोव्हेंबरचे 1,250 आणि माझ्या वाट्याची बिलं आली. नवीन मुलगा त्याआधी आला तर त्या तारखेपर्यंत धरू. मी माणूस शोधतोय, दाखवायला आणतो. येताना तुमच्या सांगण्यावरून दिलेले 25,000 माझे डिपॉझिट आहेत. हिशोब वळता करून उरलेले नवीन मुलगा येईल त्या दिवशी, किंवा मालकाने डिपॉझिट दिल्यापासून सात दिवसांत, जे आधी होईल तेव्हा द्यावेत. 5 नोव्हेंबरनंतरचं भाडं त्यातून कापायचं नाही. चालेल ना? इथेच कळवा.'

'तुमच्या सांगण्यावरून' हे शब्द खरे असतील तरच ठेवा. मजकूर ग्रुपवर टाकाच, शिवाय करारावरच्या दोघांना वेगळाही पाठवा, कारण पैशांचं उत्तर त्यांनीच द्यायचं आहे. एका शब्दाचा 'हो' आला तरी पुरे. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ चॅट फोनमध्ये जपा आणि बॅकअप घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते देताना मूळ चॅट ज्या फोनमध्ये आहे तो तुमच्या हाताशी असणं सोयीचं पडतं. बेंगळुरूला गेल्यावर नवा फोन घ्याल, तेव्हा हा जुना लगेच विकू नका.